डावरी

आचारसंहिता लागली की ती चौकीत जाते,
निकाल लागले की परत येते.
पावतीवर हवालदार गव्हाणे लिहितात :
दुनळी, बारा बोअर, जुनी.
आणि 'जुनी'खाली दर वेळी एक रेघ ओढतात,
जणू माझ्याकडून काही कबूल करून घ्यायचंय.

बंदूक घ्यायला गेलेच नव्हते मी.
शिवणयंत्राची एक चपटी स्प्रिंग हवी होती,
कुणीतरी म्हणालं, कॅम्पात मोइझभाई घासून देतील.
ते कानशीच चालवत होते.
मागे, भिंतीला टेकून, ही.
"नऊ गिऱ्हाइकांनी परत केली, बाई.
नजर नळीवर बसतच नाही म्हणतात.
हात लावून बघा, लोखंडाचं काय जातंय!"

मी उचलली. खांद्याला लावली.
माझ्या, म्हणजे डाव्या.
दोन्ही नळ्यांच्या मधली पट्टी
डोळ्यासमोर सरळ रस्त्यासारखी उघडली.
मोइझभाईंनी कानस खाली ठेवली.

तिसरीत चित्रावबाईंनी माझा डावा हात
रुमालानं बाकाला बांधला होता.
पुढे तीर्थ उजव्या हातावर,
कुंकू उजव्या हातानं,
बँकेत सही करताना मागचा माणूस : "अरे वा, डावऱ्या का?"
आणि इथे, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी,
कुठल्याशा धुरकट गावातल्या कारागिरानं
अक्रोडाचं लाकूड गरम तेलानं शेकून शेकून
बोटभर वळवलं होतं,
माणसाला वळवण्याऐवजी.

परवान्याला अडीच वर्षं लागली.
अर्जात रकाना होता : कारण.
'क्रीडा' लिहिलं. खोटं नव्हतं ते.
सोसायटीचे चिटणीस आगटे जिन्यात थांबवून म्हणाले,
"पाणी दिवसाआड येतंय म्हणून का?"

नळ्यांवर नक्षी आहे, पण कोरलेली नाही.
लोखंड आणि पोलाद पिळून, ठोकून, पुन्हा पिळून
आपोआप उमटलेली,
दह्यात काकवी ढवळता ढवळता हात थांबावा तशी.
असल्या नळीला आजचं काडतूस सोसत नाही.
मोइझभाई हलकी भरून देतात, मोजून पंचवीस,
आणि बजावतात, "म्हातारीला पळवू नका."

रविवारी पौडच्या वाटेवर, एका बंद पडलेल्या खाणीत,
आम्ही चौघं मातीच्या चकत्या उडवतो.
इतरांच्या बंदुका नव्या, काळ्या, अबोल.
माझी मिटताना बोलते.
खट् नाही, खटाक् नाही.
चांगल्या सुताराचा ड्रॉवर
शेवटच्या इंचाला आतली हवा दाबत बंद होतो,
तसं काहीतरी.
मग दोन घोडे, अंगठ्यानं, एकेक करून.
तेवढ्या वेळात चकती कधीकधी निघूनही जाते.
जाऊ दे.

पाखरू मी मारलं नाही.
हिनं मारली असतील, पोत्यांनी.
पाखरंच फक्त, असं मी म्हणणार नाही.
विचारायला कुणी उरलेलं नाही,
आणि जे तिला सांगता आलं असतं
ते तेल लावताना मला ऐकायचंही नसतं.

दस्त्याच्या पोटाशी चांदीचा एक लंबगोल आहे,
कुणाची तरी आद्याक्षरं घासून घालवलेली.
कंदील तिरपा धरला तर एका अक्षराचा पाय दिसतो.
"तुमचं नाव टाकून देऊ?" मोइझभाई दर दिवाळीला विचारतात.
आता हात थरथरतो त्यांचा,
तरी विचारतात.
मी म्हणते, बघू.

या खेपेला गव्हाण्यांनी कपाटातून काढून देताना
ती जराशी जास्त वेळ हातात धरली.
खांद्याला लावून पाहिली, उजव्या.
"नाही बसत," म्हणाले,
आणि पावती फाडली.

घरी येऊन वर्तमानपत्र पसरलं.
कालचे निकाल, त्यावर जवसाच्या तेलाचे डाग.
मुठीवरची जाळी एका जागी गुळगुळीत झालीय,
अंगठा जिथे पडतो तिथे.
बरोबर तिथेच पडतो माझा.
झीज माझी नाही ती.
अकरा वर्षांत इतकं लाकूड जात नाही.